डॉक्टरकीच्या दाराआधीचे दार

दहावीचा निकाल लागला की धुळे, साक्री, शिरपूर, दोंडाईचा येथील विज्ञान शिक्षकांना पालकांकडून ठरलेले तीन प्रश्न ऐकावे लागतात. मुलीला डॉक्टर करायचे आहे, तर विषय कोणते घ्यावेत? कोणत्या कॉलेजात घालावे? आणि तिथे बायोलॉजीला, फिजिक्सला कोण चांगले शिकवते? चौथा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. गणित सोडले तर चालेल का?

हे प्रश्न आजचे वाटतात, पण ते दीडशे वर्षांहून जुने आहेत. डॉक्टर होण्यापूर्वी विद्यार्थ्याने काय शिकलेले असावे, कोठे शिकलेले असावे आणि कोणाकडून, याची उत्तरे या काळात अनेकदा बदलली. प्रत्येक वेळी उत्तर बदलले तेव्हा कोणासाठी तरी नवे दार उघडले आणि कोणासाठी तरी जुने बंद झाले. खानदेशासारख्या, मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या भागात या उघडझापीचा परिणाम विशेष जाणवला. हा इतिहास शिक्षकांना माहीत असला तर पालकांच्या प्रश्नांना उत्तर देताना त्याचा उपयोग होईल.

विज्ञान शिकवायला दुसरी जागाच नव्हती

पाश्चात्त्य वैद्यक एतद्देशीयांना शिकवण्याचा मुंबईतील पहिला प्रयत्न १८२६ सालचा. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालील ती शाळा १८३२ मध्ये बंद पडली. त्यानंतर १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथे प्रवेश घेणाऱ्याने आधी भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकलेले असावे, अशी अपेक्षा ठेवणे शक्यच नव्हते. मुंबई विद्यापीठ स्थापन व्हायला अजून बारा वर्षे होती. विद्यार्थ्याला इंग्रजी चांगले यावे आणि त्याची सर्वसाधारण तयारी बरी असावी, एवढेच पाहिले जाई. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे विषय मेडिकल कॉलेजच्या आतच शिकवले जात. हर्बर्ट गिरॉड हे या विषयांचे तेथील आरंभीचे प्राध्यापक. आज ज्याला आपण ‘पूर्वतयारीचे विषय’ म्हणतो ते तेव्हा वैद्यकाच्या अभ्यासाचाच भाग होते.

या कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील एक विद्यार्थी म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. मेडिकल कॉलेजात येण्यापूर्वी ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तेथेच शिक्षकही झाले होते. शिक्षकाची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसले आणि १८५१ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. आपल्या प्रांतातील पहिल्या पदविकाधारक डॉक्टरांपैकी एक जण आधी शाळामास्तर होता, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अठरा वर्षांची मुलगी आणि रसायनाच्या प्राध्यापक

१८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांच्याजवळ मॅट्रिकचे प्रमाणपत्र नव्हते, पदवी तर दूरच. त्यांचे बरेचसे शिक्षण पती गोपाळराव यांच्याकडे आणि थोडे मिशनच्या शाळेत झालेले. आजच्या कोणत्याही नियमाने त्यांचा अर्ज पहिल्याच खिडकीवर परत आला असता.

त्या काळच्या अमेरिकेत मात्र बहुतेक मेडिकल कॉलेजे पदवीची अटच घालत नसत. अर्जदाराची तयारी किती, हे कॉलेजचे प्रमुख स्वतः ठरवीत. या कॉलेजच्या अधिष्ठाता होत्या रेचल बॉडली. त्या डॉक्टर नव्हत्या, रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि त्या शिकत असताना पाठबळही दिले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई एम.डी. झाल्या.

या उदाहरणाला दोन बाजू आहेत. नियम सैल असल्यामुळे कल्याणच्या एका असामान्य मुलीला दार उघडले, ही एक बाजू. त्याच सैल नियमांमुळे अमेरिकेत शेकडो अर्धवट शिकलेले लोक पैसे भरून डॉक्टर होत होते, ही दुसरी. एका चांगल्या प्राध्यापकाचा निर्णय ही उत्तम चाळणी असते, पण सर्व कॉलेजांत बॉडलीबाई नव्हत्या.

भौतिक, रसायन, जीवशास्त्र हेच तीन का?

आज वैद्यकीय प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तीन विषय लागतात. हे त्रिकूट आले कोठून?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाचे स्वरूपच बदलले. रोगजंतूंचा शोध लावणारा लुई पाश्चर हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ. १८९५ मध्ये क्ष-किरण शोधणारा राँटगेन भौतिकशास्त्रज्ञ. आपल्याकडचे उदाहरण तर त्याहून जवळचे आहे. प्लेगच्या साथीत मुंबईला आलेले वाल्डेमार हाफकिन हे शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. वैद्यकातील मोठ्या शोधांच्या मुळाशी हे तीन विषय होते. ते ज्याला समजत नाहीत त्याने नुसती औषधांची यादी पाठ करून आता भागणार नव्हते.

१८९३ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूलने ही गोष्ट नियमात बसवली. प्रवेशासाठी पदवी हवी, त्यात भौतिक, रसायन व जीवशास्त्राचा अभ्यास झालेला हवा, शिवाय फ्रेंच व जर्मन भाषा याव्यात. हा कडक नियम आणि स्त्रियांना समान प्रवेश या दोन्ही अटी देणगी देताना घातल्या मेरी गॅरेट या स्त्रीने. अटी इतक्या कडक होत्या की, आपण प्राध्यापक म्हणून आलो म्हणून बरे, विद्यार्थी म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला नसता, असे तेथील प्रख्यात प्राध्यापक विल्यम ऑस्लर गमतीने म्हणत, अशी गोष्ट सांगतात.

पुढे १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ मेडिकल स्कूलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी अवघी १६ स्कूले प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची किमान दोन वर्षे मागत होती. फ्लेक्सनर हेही डॉक्टर नव्हते. ते शाळामास्तर होते आणि विद्यार्थ्यांची कॉलेजसाठी तयारी करून घेणारी एक शाळा त्यांनी चालवली होती. विज्ञानाचा पाया नसलेल्या विद्यार्थ्याला शरीरक्रिया किंवा जंतुशास्त्र शिकवणे म्हणजे वेळ वाया घालवणे, हा त्यांचा मुद्दा सरळ होता. या अहवालानंतर अनेक कमकुवत संस्था बंद पडल्या. पण ज्यांना महाविद्यालयाची दोन वर्षे परवडत नव्हती अशा गरीब विद्यार्थ्यांची वाटही अरुंद झाली. कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या मेडिकल स्कूलांपैकी बहुतेक बंद झाली. दर्जा वाढवणारी अट आणि गरिबाला अडवणारी अट पुष्कळदा एकच असते, हे येथे प्रथम स्पष्ट दिसले.

दोन दरवाजे : मॅट्रिकचा आणि इंटर सायन्सचा

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर होण्याचे दोन दरवाजे होते. पहिला दरवाजा मेडिकल स्कूलचा. मॅट्रिक झालेला विद्यार्थी सामान्यतः थेट तेथे जाई आणि काही वर्षांत ‘लायसेन्शिएट’ होऊन बाहेर पडे. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ पासून हे काम करत होती. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाल्यावर एल.सी.पी.एस. ही पदविका रूढ झाली. जुन्या गावांमधून डॉक्टरांच्या पाट्यांवर ही अक्षरे दिसत असत.

दुसरा दरवाजा मेडिकल कॉलेजचा, म्हणजे एम.बी.बी.एस. पदवीचा. त्यासाठी मॅट्रिकनंतर महाविद्यालयात दोन वर्षे काढून ‘इंटर सायन्स’ व्हावे लागे. मुंबईत ग्रँट मेडिकलच्या जोडीला १९२६ मध्ये शेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आले.

आता हे चित्र धुळ्यातून पाहा. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले व धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण झाले. शहरात हायस्कूल होते, मॅट्रिक होता येई. पण इंटर सायन्स करायला संपूर्ण खानदेशात एकही महाविद्यालय नव्हते. विद्यार्थ्याला फाट्याच्या गाडीने चाळीसगाव गाठावे लागे आणि तेथून मुख्य मार्गाने मुंबईला किंवा मनमाडमार्गे पुण्याला जावे लागे. फर्ग्युसन, विल्सन, एल्फिन्स्टन, झेवियर्स ही कॉलेजे म्हणजे दोन वर्षांचा खोलीभाडे, खानावळ आणि फीचा खर्च, तोही डॉक्टरकीचा अभ्यास सुरू होण्यापूर्वी. कपाशीच्या एका वाईट हंगामात तो बेत मोडू शकत असे. साहजिकच खानदेशातल्या मध्यम स्थितीच्या घराला मॅट्रिकचा दरवाजा जवळचा वाटे.

१९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल दिला. देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार व्हावा आणि लायसेन्शिएटचा अभ्यासक्रम बंद व्हावा, अशी शिफारस तिने केली. समितीतील काही सदस्यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. देशात डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना हा दरवाजा इतक्यात बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताप्रमाणे झाले. पुण्याची बी. जे. मेडिकल स्कूल त्याच वर्षी मेडिकल कॉलेज झाली. यापुढे डॉक्टर व्हायचे तर इंटर सायन्स अटळ ठरले.

इंटर सायन्स गावाजवळ आले

सुदैवाने याच सुमारास खानदेशाची अडचण थोडी कमी झाली. १९४५ च्या आसपास जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय उभे राहिले. पुढे धुळ्यातही महाविद्यालये झाली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पूर्व व पश्चिम खानदेशातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. आता जळगावचा किंवा धुळ्याचा मुलगा घरची भाकरी खाऊन विज्ञान शिकू शकत होता.

इंटर सायन्सची रचना समजून घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्याला गणिताकडे झुकणारा किंवा जीवशास्त्राकडे झुकणारा गट निवडावा लागे. पहिला अभियांत्रिकीकडे नेई, दुसरा मेडिकलकडे. परीक्षा विद्यापीठाची असे, आणि त्या परीक्षेचे गुण हीच मेडिकलची गुणवत्ता यादी. प्रात्यक्षिकालाही महत्त्व होते. बेडकाचे विच्छेदन, वनस्पतींचे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, रसायनात अज्ञात क्षार ओळखणे, हे सर्व हाताने करावे लागे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची होती. इंटर सायन्स ही बी.एस्सी.चीच मधली पायरी होती. ज्याला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, तो त्याच महाविद्यालयात, त्याच प्राध्यापकांकडे पुढे शिकून वनस्पतिशास्त्राचा, प्राणिशास्त्राचा किंवा रसायनाचा पदवीधर होई. त्याची दोन वर्षे वाया जात नसत. जिन्याला जसा मध्ये चौक असतो, तसा हा थांबा होता. खानदेशातल्या माध्यमिक शाळांना विज्ञानाचे कितीतरी चांगले शिक्षक या थांब्यावरून मिळाले.

प्राध्यापक निवडण्याचा प्रश्न तेव्हा कसा सुटे? अमेरिकेतील विद्यार्थी एकाच महाविद्यालयात राहून अभ्यासक्रम निवडतो आणि पुष्कळदा एकच विषय कोणत्या प्राध्यापकाकडे शिकायचा, हेही निवडतो. तेथे वैद्यकीय प्रवेशासाठी प्राध्यापकाचे शिफारसपत्रही लागते. त्यामुळे तेथे ‘कोणाकडे शिकावे’ हा प्रश्न दर सत्राला पडतो. आपल्याकडे विद्यार्थ्याला ही मोकळीक कधीच नव्हती. वेळापत्रकात जे नाव असेल ते प्राध्यापक. म्हणून आपल्याकडे प्राध्यापक निवडणे म्हणजे महाविद्यालय निवडणे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर यात आणखी एक गोष्ट पाहावी लागे. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, पण अडलेली गोष्ट मराठीत किंवा अहिराणी वळणाच्या मराठीत समजावून सांगणारा प्राध्यापक कोठे आहे, ही ती गोष्ट. पहिल्या सत्रात इंग्रजीने बिचकलेला मुलगा अशा प्राध्यापकामुळे टिकत असे.

दार एक वर्ष अलीकडे सरकले

१९७० च्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध आला. त्यापूर्वी अकरा वर्षांचे शालेय शिक्षण आणि महाविद्यालयाची दोन वर्षे, असे तेरा वर्षांनंतर मेडिकलचे दार येई. नव्या रचनेत ते बारा वर्षांनंतर आले. विषयांची निवडही एक वर्ष अलीकडे आली. पूर्वी अकरावी मॅट्रिक झालेला मुलगा गट निवडत असे, आता दहावी झालेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तो निवडू लागला.

याहून मोठा बदल असा की, बारावी ही पदवीची मधली पायरी राहिली नाही. ती स्वतंत्र मंडळाची, स्वतंत्र परीक्षा झाली. कनिष्ठ महाविद्यालय हा वेगळा कप्पा तयार झाला. मेडिकल न मिळालेला विद्यार्थी ‘पुढच्या वर्षाला’ जात नव्हता. त्याला नव्याने कोठेतरी प्रवेश घ्यावा लागे. जिन्यातील चौक काढून टाकल्यासारखे झाले.

कॉलेज निवडले की मेडिकल कॉलेजही ठरले

१९८० च्या दशकात महाराष्ट्रात एक नियम असा होता की, ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील शाळेतून किंवा कॉलेजातून विद्यार्थी शिकला असेल, त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील सरकारी मेडिकल कॉलेजात त्याला प्रवेश मिळेल. याचा खानदेशाच्या दृष्टीने अर्थ काय? धुळे आणि जळगाव पुणे विद्यापीठात. तेथे राज्य सरकारचे मेडिकल कॉलेज म्हणजे प्रामुख्याने पुण्याचे बी. जे. म्हणजे धुळ्याच्या मुलाची स्पर्धा थेट पुणे शहरातील नामवंत कॉलेजांच्या मुलांशी. अकरावीला कोठे नाव घालायचे, या निर्णयात मेडिकल कॉलेजाचाही निर्णय दडलेला होता.

१९८६ साली निदमार्ती महेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. मात्र मागास भागांतील विद्यार्थ्यांचा विचार करून, एका मर्यादेपर्यंत, म्हणजे ७० टक्क्यांपर्यंत, प्रादेशिक राखीव जागा ठेवण्यास मुभा दिली. यातूनच ‘७०:३०’ हे सूत्र आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग धरले गेले. खानदेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, म्हणजे पुन्हा मुंबई-पुण्याच्याच रांगेत. विद्यार्थ्याचा विभाग तो बारावी कोठे झाला यावर ठरे. त्यामुळे अकरावीचे कॉलेज निवडताना शिक्षकांची नावे पाहायची की नकाशा पाहायचा, असा विचित्र प्रश्न घरोघर चर्चिला जाई. हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने रद्द केले.

दरम्यान मेडिकल कॉलेजच खानदेशात आले. धुळ्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, आजचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९८८ मध्ये सुरू झाले. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आणि नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. ज्या खानदेशात १९४० पर्यंत इंटर सायन्सही करता येत नव्हते, तेथे आज तीन जिल्ह्यांत तीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. दाराचे अंतर असे मिटले. आता प्रश्न दाराच्या रुंदीचा आहे.

प्राध्यापकाच्या हातून चाळणी गेली

१९९९ पासून राज्याने वैद्यकीय प्रवेशासाठी स्वतंत्र सामाईक प्रवेश परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बारावीचे गुण मागे पडले. त्यानंतर देशपातळीवरील ‘नीट’ २०१३ मध्ये प्रथम झाली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली, २०१६ मध्ये ती परत आली आणि २०१७ पासून महाराष्ट्रातील सर्व जागांना लागू झाली. २०१७ पासून ती मराठीतूनही देता येते. पण राज्यात अकरावी-बारावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवले जात असल्याने या सोयीचा उपयोग मर्यादित राहतो.

नीटचे एकूण गुण ७२०. त्यांपैकी जीवशास्त्राचे ३६०, भौतिकशास्त्राचे १८० आणि रसायनशास्त्राचे १८०. हॉपकिन्सने १८९३ मध्ये मागितलेले तीन विषय तेच आहेत, पण ते तपासण्याची रीत पूर्ण बदलली आहे. पर्यायी उत्तरांच्या या परीक्षेत प्रात्यक्षिकाला एकही गुण नाही. बारावीला प्रत्येक विषयाचे प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते, पण मेडिकलसाठी बारावीत खुल्या वर्गाला तीन विषयांत मिळून ५० टक्के मिळाले की पुरते. परिणामी अनेक विद्यार्थ्यांचा खरा दिवस खाजगी क्लासमध्ये जातो आणि प्रयोगशाळा ही सही करण्याची जागा होते.

यात फक्त दोष पाहू नये. एकाच परीक्षेमुळे दुर्गम आश्रमशाळेतील मुलगी आणि शहरातील मुलगा एकाच मापाने मोजले जातात, ओळखीपाळखीला जागा राहत नाही, हा मोठा लाभ आहे. पण फ्लेक्सनरच्या वेळचा प्रश्न नव्या रूपात उभा आहे. तेव्हा महाविद्यालयाच्या दोन वर्षांचा खर्च गरिबाला अडवत होता, आज क्लासचा खर्च अडवतो. आणि ज्याने कधी सूक्ष्मदर्शकाची काच स्वच्छ केली नाही, नळीतील द्रवाची पातळी डोळा समांतर ठेवून वाचली नाही, तोही या चाळणीतून वरच्या क्रमांकाने पार होऊ शकतो.

वीस जणांपैकी एकोणीस

आता दहावीनंतरच्या त्या तीन-चार प्रश्नांकडे परत येऊ. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी नीटला बसले. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा त्या वर्षी एक लाखाहून थोड्या अधिक, सव्वा लाखाच्या आत होत्या. म्हणजे ढोबळमानाने वीस जणांपैकी एकाला जागा, आणि सरकारी फीची जागा त्याहून कमी जणांना. आपल्यापुढे बसलेल्या वर्गातील ‘डॉक्टर होणार’ म्हणणाऱ्या वीस मुलांना सल्ला देताना आपण त्या एकाचाच विचार करतो. बाकीच्या एकोणीस जणांचे काय? इंटर सायन्सच्या काळी ते त्याच महाविद्यालयात वरच्या वर्गात बसत. आज ते घरी किंवा शहरातील खोलीवर बसून दुसऱ्या, तिसऱ्या प्रयत्नाची तयारी करतात.

म्हणून विषय निवडताना इतिहास जे सांगतो ते असे. जीवशास्त्र, भौतिक आणि रसायन हे तर हवेतच. गणित मेडिकलच्या प्रवेशाला लागत नाही, हे खरे. पण गणित सोडताना त्या मुलाचा जिन्यातील चौक आपण आपल्या हाताने तोडत नाही ना, हे पाहावे. संख्याशास्त्र, संगणक, अभियांत्रिकी, भौतिकशास्त्राची पदवी या वाटा गणिताशिवाय बंद होतात किंवा फार अवघड होतात. आणि डॉक्टर झालेल्यालाही औषधाची मात्रा काढताना किंवा एखाद्या उपचाराच्या चाचणीचे आकडे वाचताना गणितच लागते. ज्याला चार विषयांचा भार खरोखर पेलत नाही त्याने गणित सोडावे. पण ‘मेडिकलला लागत नाही’ एवढ्याच कारणावरून सोडू नये.

कॉलेज निवडताना मागच्या वर्षीच्या निकालाच्या फलकाबरोबर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते? सूक्ष्मदर्शक किती मुलांत एक आहे? शंका विचारलेल्या मुलाला मराठीत समजावून देणारे प्राध्यापक आहेत का? पाठ्यपुस्तकातला धडा ते स्वतः शिकवतात की तो क्लासवर सोडून देतात? या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत मिळत नाहीत. ती गेल्या वर्षी तेथे शिकलेल्या दोन-तीन मुलांना विचारली तर दहा मिनिटांत मिळतात. शाळेने दर वर्षी आपल्या माजी विद्यार्थ्यांना एका शनिवारी बोलावले, त्यांत मेडिकलला गेलेला एक आणि न गेलेले तिघे-चौघे असले, तर दहावीच्या मुलांना याहून चांगला सल्ला दुसरा मिळणार नाही.

मेडिकलच्या प्रवेशाची चाळणी आता प्राध्यापकाच्या हाती नाही. ती एका दुपारच्या परीक्षेकडे गेली आहे आणि ती परत येण्याची चिन्हे नाहीत. पण चाळणीपर्यंत मुलाने काय शिकून जावे, हे अजून शाळेच्या आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गातच ठरते. भाऊ दाजी शाळेत शिकवत होते, बॉडलीबाई रसायन शिकवत होत्या आणि फ्लेक्सनर मुलांची तयारी करून घेत होते. डॉक्टरकीच्या दाराआधीचे दार शिक्षकांनीच उघडले आहे.